अनुभव धागा : ‘मावशी, घाबरू नका’ म्हणणारा फोन

गेल्या महिन्यात माझ्या आईच्या खात्यातून ४८ हजार रुपये गेले आणि तिने ते आम्हाला चार दिवस सांगितलं नाही. रोजचा स्वयंपाक करत होती, संध्याकाळी दिवा लावत होती आणि आतल्या आत झुरत होती. मला पैशांपेक्षा ते चार दिवस जास्त लागले, म्हणून हा धागा. कुठली माहिती, कशी काढून घेतली, ते लिहा. फसला असाल तरी लिहा, थोडक्यात वाचला असाल तरी लिहा. सुरुवात मी करते.

मेसेज असा होता : मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली साधा दहा आकडी मोबाइल नंबर. बाबांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं. वीज जाणार म्हटल्यावर आईला दुसरं काही सुचलंच नाही. समोरचा ‘मावशी, घाबरू नका’ म्हणत छान मराठीत बोलला. एक अ‍ॅप घ्यायला लावलं आणि फक्त दहा रुपये भरायला सांगितले. ओटीपी त्याने विचारलाच नाही. त्या अ‍ॅपमुळे आईच्या फोनवर दिसणारं सगळं त्याला तिकडे दिसत होतं. कार्डाचा नंबर, ओटीपी, तो नुसता वाचत होता. ‘ओटीपी कुणाला सांगायचा नाही’ हे आईने पाळलं होतं. तिची चूक नव्हती, हे मी तिला अजून समजावते आहे.

मंगळवारी १९ हजार गेले. अ‍ॅप फोनमध्ये तसंच राहिलं आणि गुरुवारी उरलेले २९ हजार गेले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात म्हटलंय की माहिती ग्राहकाच्या हातून गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. मंगळवारी रात्रीच ती बोलली असती तर गुरुवार आलाच नसता. हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही.

अंगणवाडी सेविका, नाशिक जिल्हा

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. २०२५च्या सप्टेंबरात लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा आमच्या वस्तीतली एक जण घाबरत आली. गुगलवर शोधून जी साइट वर दिसली तीच तिने उघडली होती. रंग तेच, नाव तेच. आधार नंबर टाकला, नवऱ्याचाही टाकला. मग एटीएम कार्डाचा नंबर मागितला, तिथे तिचा हात थांबला. खऱ्या ई-केवायसीत आधार लागतं, ओटीपी लागतो, नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागतं, पण एटीएम कार्ड कशाला लागेल?

तेव्हापासून मी बायकांना पत्ता वाचायला शिकवते. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्याच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या. त्यानंतर पहिली तिरकी रेघ येते तिच्या आधीचे शब्द बघायचे, आणि तेही शेवटाकडून. तिथे ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तरच सरकारी. सुरुवातीला ‘लाडकी बहीण’ कुणीही लिहू शकतं. तिच्या आणि नवऱ्याच्या आधारचे बोटांचे ठसे आम्ही त्याच दुपारी एम-आधार अ‍ॅपमधून लॉक केले. रेशनला अंगठा द्यायच्या दिवशी तेवढ्यापुरते उघडायचे, हे त्या दोघांना आता सवयीचं झालंय.

सोलापूर

चुलत भावाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अ‍ॅप, ते फोनमध्ये बसतं आणि आपले मेसेज वाचतं. भावाला फोन केला. त्याच्या घरी लग्नच नव्हतं.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, पुणे

कुरिअरवाला बोलतोय म्हणाला, पत्ता सापडत नाही, डिलिव्हरी बॉयशी जोडण्यासाठी एवढा नंबर फिरवा. सुरुवातीला स्टार, ४०१, पुन्हा स्टार आणि मग एक मोबाइल नंबर. मी फिरवला. त्या क्षणापासून माझे कॉल त्याच्याकडे वळले. व्हॉट्सअ‍ॅपने पडताळणीचा कोड फोन करून सांगितला तो त्याने ऐकला, आणि माझं खातं त्याच्या हातात गेलं. बाबांच्या मित्राने ‘बाळा, अडचणीत आहेस का?’ असं विचारून लगेच पाच हजार पाठवले. माझ्यावरच्या मायेपोटी गेलेले ते पैसे आहेत, मी ते फेडते आहे.

दोनदा हॅश, ००२ आणि पुन्हा हॅश फिरवलं की वळवलेले सगळे कॉल बंद होतात. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच लावा. तो असता तर नुसत्या कोडवर त्याला आत शिरता आलं नसतं.

लेस्टर, इंग्लंड

इथे वीजबिलाऐवजी पार्सल असतं. १ पौंड ९९ पेन्स भरा म्हणजे पुन्हा घरी आणू. मी कार्ड, पत्ता, जन्मतारीख सगळं भरलं. तेवढेच पैसे गेले, म्हणून विसरूनही गेलो. आठवड्याने ‘बँकेच्या फ्रॉड विभागातून’ फोन. त्याला माझं नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे आकडे, सगळं ठाऊक. म्हणाला, तुमच्या खात्यावर हल्ला झालाय, पैसे सुरक्षित खात्यात हलवा. इतकं माहीत आहे म्हणजे बँकच असणार, असं वाटलं. ते सगळं मीच आठवड्यापूर्वी टाइप केलं होतं, हे बायकोच्या लक्षात आलं. फोन ठेवून १५९ लावला; इथे तो नंबर थेट आपल्या बँकेला जोडून देतो. असे मेसेज आम्ही आता ७७२६ला, म्हणजे फसवे मेसेज कळवायच्या इथल्या नंबरला, पाठवतो.

निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक काका ठेव मोडायला आले. दहा वर्षं ओळखीचे, काउंटरला आले की आधी घरच्यांची चौकशी करायचे. त्या दिवशी नजर वर नाही. शर्टाच्या खिशात फोन, कॅमेरा बाहेर, कॉल चालू. मुदत संपायला दोन महिने होते. मी म्हटलं, काका, व्याज बुडेल. ‘बुडू दे.’

मला खटकलं. पैसे भरायच्या स्लिपच्या मागे लिहिलं, ‘फोनवर कोण?’ आणि सही करायला देतोय असं दाखवून पुढे सरकवली. त्यांनी थरथरत्या हाताने लिहिलं, ‘पोलीस. कालपासून.’ रात्रभर त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं होतं. आधारवर कुणीतरी सिम घेतलंय, बायकोला सांगितलं तर तिलाही अटक होईल, असं बजावलं होतं. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद आपल्या कायद्यात कुठेही नाही. मी फोन त्यांच्या खिशातून काढून बंद केला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर, १९३०, लावला. काका खुर्चीत बसून रडले. आम्ही शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यांच्या घरच्यांना बोलावून घेतलं.

धागाकर्ती

काकांचा अनुभव आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, ‘त्यांना घरचे रागावले नाहीत ना?’