इंग्रजीचा पेपर तीन तासांचा, बोलण्याची परीक्षा शून्य मिनिटांची

सक्करदरा_चौक
आधी मामेबहिणीचा किस्सा सांगतो, मग वाद घाला. बी.कॉम.ला इंग्रजीत ७१ मार्क. मागच्या महिन्यात नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. समोरच्यानं एवढंच विचारलं की घरून इथपर्यंत कशी आलीस ते इंग्रजीत सांग. दिघोरीहून दोन ऑटो बदलून आली होती, पण तोंडातून शब्द फुटेना. बाहेर येऊन मला म्हणते, "दादा, 'माय ॲम्बिशन' विचारलं असतं तर दोन पानं म्हणून दाखवली असती."

घरचे हसले. मला हसू आलं नाही, कारण मीही तसाच पास झालोय. माझ्या वेळी ८० मार्क लेखी आणि २० इंटर्नल. बर्डीच्या बाजारातून गाईड आणायचं, मागचे पाच पेपर पाहायचे, चार कवितांचा मध्यवर्ती विचार घोकायचा, त्यातले दोन येतातच. अनसीन उताऱ्यातसुद्धा प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. उतारा कशाबद्दल होता हे पेपर देऊन बाहेर पडल्यावर सांगता यायचं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात इंग्रजीचे दोन-दोन क्रेडिटचे कोर्स आलेत, 'एबिलिटी एन्हान्समेंट' असं भारदस्त नाव घेऊन. मग ती एबिलिटी तपासा तरी. ५० पैकी १५ मार्क बोलण्याला, १० ऐकून समजण्याला, उरलेले २५ लेखी, आणि तेही गाईड पाठ करून सुटणार नाही असं. जे परीक्षेत येत नाही ते कोणी शिकत नाही. शिकवणारेही सोडून देतात.

तासिकेवरची
भावना पटते, हिशेब बसत नाही. मी सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबानं, इंग्रजी शिकवते. दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. माझ्या वर्गाच्या पटावर १२० मुलं. एकेकाला १० मिनिटं दिली तर १२०० मिनिटं, म्हणजे २० तास बोलण्याच्या परीक्षेतच गेले. उरलेल्या १० तासांत काय शिकवू? शिवाय मला मानधन तासिकेचं. परीक्षेच्या तासाला तासिका म्हणायचं की नाही, यावरच ऑफिसात फाईल फिरत राहील. आणि ऐकण्याची परीक्षा? वर्गाबाहेर पुलाचं काम चालू आहे. माझाच आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही.

संत्र्याचा_मळा
भाऊ, तुमी शहरातले लोकं बोलन्याची परीक्षा म्हनता, पन बोलते कोन? ज्याच्या घरी इंग्रजी पेपर येते त्याचा पोट्टा. आमच्या काटोलकडच्या गावात पहिलीपासून इंग्रजी आली २००० साली. आली म्हंजे पुस्तक आलं. शिकवाले सर तेच, जे ड्रिल घेत होते.

लेखी पेपरात माह्या पोरीचं थोबाड तरी कोनाले दिसत नाई. नंबर असते. तोंडी परीक्षेत बसवलं का सर आधी चप्पल पाहीन, मंग गाव इचारीन, मंग मार्क देईन. पाठ करून पास होते तं होऊ द्या ना. पाठ करनं का फुकटात होते काय? रात्र रात्र जागते ते.

सक्करदरा_चौक
काका, मेहनतीला मी कमी लेखत नाही. पण ती मेहनत करून हाती काय आलं? माझी बहीणही रात्र रात्र जागलीच होती. चप्पल पाहणारा माणूस कॉलेजात भेटला नाही तर इंटरव्ह्यूत भेटतो, आणि तिथे रिव्हॅल्युएशनचा फॉर्म मिळत नाही.

त्रिमूर्तीनगरवाला
कॉलेजच्या हातात मार्क दिले की काय होतं ते दहावीत पाहून झालंय. राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषांचे अंतर्गत २० मार्क काढले, सगळा पेपर लेखी केला, निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, २० मार्क परत आले, आणि २०२० ला ९५.३०. पोरं दोन वर्षांत एकदम ढ आणि एकदम हुशार होत नसतात. तुमचे १५ आणि १० मार्कही असेच वाटले जाणार. सगळ्यांना १३, सगळ्यांना ९.

निवृत्त_लाल_पेन
आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. २०१९ ला दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, पहिलंच वर्ष. २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला आणि त्याचे सरासरीने मार्क दिले गेले. अंतर्गत मार्कांनी निकाल फुगतो हे मलाही मान्य आहे, पण सगळी फूग त्यांचीच नाही.

तरीही मी लेखीच्या बाजूचा. बरीच वर्षं इंग्रजीचे गठ्ठे तपासले आहेत. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. २०११ ला चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठाकडे गेल्यावरही नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया उरतात. धरमपेठेतल्या पोराला आणि देवरीच्या पोराला एकाच पेपराला बसवायचं आणि नाव झाकून तपासायचं, ही साधी गोष्ट नाही. त्यात घोकंपट्टी आहे, नाकारत नाही. एका गठ्ठ्यात सलग एकोणीस उत्तरांत एकच स्पेलिंग चुकलेलं पाहिलंय, म्हणजे चूक गाईडातली. पण हे मला दिसलं, कारण कागद समोर होता. सुप्रीम कोर्टानं २०११ साली सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात येते, परीक्षा देणाऱ्याला ती पाहता येते. तोंडी परीक्षेचं काय पाहणार, हवा?

बॅग_भरून_बसलेला
हवा नाही सर, रेकॉर्डिंग. परदेशी जायला लागते ती इंग्रजीची परीक्षा, आयईएल्टीएस, देऊन आलोय. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, समोर एक माणूस, आणि सगळं रेकॉर्ड होतं. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, चौघांना सारखं वजन. उच्चारात साहेबासारखं बोलता का असं कोणी पाहत नाही, ऐकणाऱ्याला कळतं का ते पाहतात. माझा नागपुरी हेल तसाच होता, काही बिघडलं नाही.

संत्र्याचा_मळा
फी किती भरली बावा?

बॅग_भरून_बसलेला
पाच आकडी. मुद्दा पोचला काका.

सेम_चार
मी सध्या शिकतोय म्हणून आतली गोष्ट सांगतो. तुम्ही लेखी की तोंडी करत बसलात, इकडे घरी लिहायची असाइनमेंट मेली. आमच्या वर्गात 'माय व्हिलेज'वर चाळीस निबंध आले, चाळीसही चॅटजीपीटीचे. कन्हानच्या पोराच्या गावात निळाशार तलाव आणि पाइनची झाडं. मॅडमनी फक्त विचारलं, पाइन म्हणजे काय रे? तेवढ्यात सगळी परीक्षा होऊन गेली. त्यामुळे इंटर्नलचे मार्क द्यायचेच असतील तर समोर बसवूनच द्या, दुसरं काही उरलंच नाही.

तासिकेवरची
वर हिशेब मांडला तो मी भोगलेला हिशेब आहे, म्हणून आता पुढचं सांगते. यंदा इंटर्नलचे १० मार्क मी बोलण्यावर लावले. एकेकाला बोलावणं शक्य नव्हतं, म्हणून जोड्या केल्या. केंब्रिजच्या परीक्षांत दोघांना एकत्र बसवून बोलायला लावतात, तीच युक्ती. ६० जोड्या, प्रत्येकी ८ मिनिटं, ४८० मिनिटं, म्हणजे ८ तास. जमलं. शेजारच्या वर्गावरचे सर मदतीला बसले. आम्ही दोघं वेगवेगळे मार्क लिहायचो आणि शेवटी ताडून पाहायचो.

विषय कागदावरचे दिले नाहीत. पहिल्या जोडीला 'पर्यावरणाचं महत्त्व' दिलं होतं, दोघी माझ्या चपलांकडे पाहत बसल्या. (इथे मात्र काका, चपला माझ्या पाहिल्या गेल्या.) मग विषय बदलले. कॉलेजला कशी येतेस, पास हरवला तर कंडक्टरला काय सांगशील, घरी काय पिकतं. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली, वर्गात वर्षभरात एकदाही हात वर न केलेली. घरी संत्र्याची बाग. उन्हाळ्यात विहीर आटते म्हणून आंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेरचा बहार, सोडून पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार धरतात, हे तिनं जोडीदारणीला इंग्रजीत समजावलं. "वुई गिव्ह ताण टू ट्री. नो वॉटर वन मंथ. देन रेन कम, ट्री गेट फ्लॉवर." जोडीदारणीनं विचारलं, ट्री नॉट डाय? ही म्हणाली, "नो नो, ट्री थिंक आय विल डाय, सो फ्लॉवर."

मी ७ दिले. सरांनी ४. त्यांचं म्हणणं, आर्टिकल नाही, काळ नाही, मध्ये मराठी शब्द. माझं म्हणणं, मला बागेतलं ओ की ठो कळत नाही, तरी तिचं सगळं कळलं, आणि प्रश्नाचं उत्तर तिनं जागच्या जागी रचलं. नंतर एक कॉन्व्हेंटचा मुलगा आला. फाडफाड बोलला, जोडीदाराला तोंड उघडू दिलं नाही, आणि विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगितलं. सरांनी ९ दिले, मी ५. तेव्हा लक्षात आलं की मार्क कशाचे द्यायचे हे आम्ही दोघांनी आधी ठरवलंच नव्हतं. पुढच्या जोडीला बाहेर थांबवून अर्धा तास भांडलो आणि एका कागदावर चार ओळी लिहिल्या. समजलं का, उत्तर विचारलेल्याचंच आहे का, जोडीदाराला वाव दिला का, आणि शेवटी शुद्धता. त्यानंतर आमच्या मार्कांत एकाहून जास्त फरक बहुधा पडला नाही. त्या मुलीला पुन्हा तपासून ६ दिले.

निवृत्त_लाल_पेन
शुद्धता शेवटी? लेखी पेपरात याच मुलीचं हेच वाक्य आलं असतं तर मी लाल केलं असतं आणि त्याचा मला पश्चात्ताप झाला नसता. अर्ज लिहिताना हे वाक्य चालणार नाही. चार ओळींचा कागद मात्र आवडला. आमच्या वेळी मॉडेल आन्सर मिळायचं, पण निबंधाला ते कधी कामाचं नसायचं.

तासिकेवरची
सर, अर्जाची परीक्षा अर्जातच घ्या ना, तिथे खुशाल लाल करा.

संत्र्याचा_मळा
मॅडम, पोरगी आवडली. झाड मरतो मरतो म्हनते म्हनून फुलते, हे माह्या बापानं मले मराठीत बी असं सांगतलं नाई. पन ते सर मार्क काटत होते तं त्याइले एक इचारा, ताणाले इंग्रजीत काय म्हनते?

तासिकेवरची
विचारलं होतं. म्हणाले, स्ट्रेस असेल. मग दोघांनी मोबाईलवर पाहिलं. स्ट्रेसच निघालं.

संत्र्याचा_मळा
पाहा. आता माहं ऐका. तुमी होत्या म्हनून तिले सहा भेटले. दुसऱ्या कॉलेजात एकटे ते सर असते तं चार. पोरगी तेच बोलली असती, मार्क सर बदलले का बदलले असते. लेखीत बी सर बदलते, मले मालूम हाय, पन तिथं दुसऱ्यांदा तपासाले कागद तरी राहते. तुमचा आठ तासाचा कागद कुठी हाय?

सक्करदरा_चौक
रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या कॉलेजला पाठवा. बॅग भरणाऱ्यानं सांगितलं तसं. फोन तर सगळ्यांकडे आहेत.

त्रिमूर्तीनगरवाला
आणि तिथे आठ तास कोण ऐकत बसणार? फुकटात?

तासिकेवरची
सगळं ऐकायची गरज नाही. दहातली एक जोडी. माझ्या वर्गातून ६ जोड्या, ४८ मिनिटं. दुसऱ्या कॉलेजच्या मार्कांत आणि माझ्या मार्कांत दोनहून जास्त फरक निघाला तर सगळा वर्ग पुन्हा ऐकायचा. ४८ मिनिटांची एक तासिका लावून दिली तर मी दुसऱ्या कोणाच्याही ६ जोड्या ऐकायला तयार आहे.

निवृत्त_लाल_पेन
मीही ऐकेन, मला तासिका नको. पण कोणत्या ६ पाठवायच्या हे कॉलेजनं निवडता कामा नये. नाहीतर सगळीकडून कॉन्व्हेंटच्याच जोड्या येतील.

सेम_चार
चिठ्ठ्या टाका. वर्गासमोर.

संत्र्याचा_मळा
चिठ्ठ्या काढाले मी येतो. पोरीच्या कॉलेजात तसंबी महिन्यातून एक चक्कर राहतेच.