मदत हवी आहे: नासची लिंक १०० एमबीपीएसवरच अडकते

फोंड्याजवळचं जुनं चिऱ्यांचं घर आहे. फायबरचा मुख्य राउटर दर्शनी खोलीत, तर बॅकअपचा नास (नेटवर्कवर जोडलेलं फाइल साठवायचं यंत्र; ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ म्हणजे दोन्हींवर तीच प्रत) मागच्या खोलीत. भिंती दीड फुटी, त्यामुळे वाय-फाय मागे पोचत नाही. म्हणून २५ मीटर कॅट ६ नेटवर्क केबल बाहेरून, छपराखालून नेली आहे. मागचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये आहे (मुख्य राउटरचंच नेटवर्क पुढे देतो), त्याचा डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद आहे. नास त्यालाच जोडलाय.

बॅकअप सेकंदाला ११ एमबीच्या (मेगाबाइट) वर जात नाही; १०० एमबीपीएस (मेगाबिट) लिंकवर साधारण एवढाच वेग मिळतो. नास छोट्या पॅच केबलने थेट मुख्य राउटरला लावला की ११० मिळतात, मागच्या राउटरलाही तसंच तपासलं. म्हणजे पोर्ट आणि डिस्क ठीक, दोष लांब केबलीत. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण तो फक्त सलगता बघतो. बाहेरच्या जोडावर पावसानंतर हिरवट गंज दिसतोय. तार खरवडली तर आत रुपेरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम!

टोकं कापून नवे आरजे४५ प्लग बसवून ही केबल टिकेल का? मला तरी शंका आहे. की शुद्ध तांब्याची, जेल भरलेली आउटडोअर केबल घ्यावी? पावसाळ्यातल्या विजांचा विचार करता मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल आणि फायबर जोडणारा डबा) लावून, वीज न वाहणारी फायबरच ओढणं बरं का? पणजी किंवा मडगावात तयार टोकांची फायबर कुठे मिळते, तेही कृपया सांगा.