चार बटणं दाबून आलो, पण कशासाठी?

कोपरखैरणेकर

१५ जानेवारी २०२६ ला नवी मुंबई महापालिकेचं मतदान करून आलो. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे अ, ब, क, ड अशी चार मतं. माझ्या पुढचे काका एकच बटण दाबून निघाले. केंद्रावरच्या बाईंनी ‘काका, अजून तीन राहिली’ म्हणून परत पाठवलं. काका म्हणतात, ‘अहो, मला एकच माणूस माहीत आहे.’

तेव्हा हसलो. मग २६ जानेवारीला सोसायटीत झेंडावंदनानंतर वडापाव यायला उशीर होता, म्हणून चिठ्ठ्या वाटल्या. पाच प्रश्न, नाव लिहायचं नाही.

नळाचं पाणी कुठून येतं? बहुतेकांचं उत्तर ‘मुंबईहून’. एका महाभागाने ‘गच्चीवरच्या टाकीतून’ लिहिलं. खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण आपल्या महापालिकेच्या मालकीचं आहे, हे तिघांना माहीत.

प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीलाच का? ‘त्या दिवशी घटना लिहून झाली.’ घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला. दोन महिने थांबले ते १९३० च्या २६ जानेवारीच्या पूर्ण स्वराज्य दिनासाठी, हे एकानेही लिहिलं नाही.

बिल्डिंगखालची जमीन कुणाची? ‘आमची.’ (सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीचा, ६० वर्षांचा भाडेपट्टा आहे हो!) महापालिकेत कारभाराची सही कुणाची? ‘महापौरांची.’ (असते आयुक्तांची!) आणि महागाईचा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला तर भाव उतरतात का? यावर जवळजवळ एकमत: ‘उतरतात, पण वाणी उतरवत नाही.’ दर कमी झाला म्हणजे भाव वाढायचा वेग कमी झाला, एवढंच. ५० चे ५१ होतात, ४९ नाही.

उत्तरं देणारे इंजिनियर, बँकवाले, दोन प्राध्यापक. माझं मत स्पष्ट आहे. दुचाकी चालवायला परीक्षा लागते, मग मत द्यायला निदान दहा सोपे प्रश्न का नसावेत?

तलावपाळी

वडापाव येईपर्यंत लोकशाही गुंडाळलीत की!

१९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. तरी पहिल्या निवडणुकीत २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत दिलं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. वाचता येत नाही ना, बैलजोडी ओळखता येते ना, टाका. तुमची परीक्षा असती तर माझी आजी मतदार झालीच नसती, आणि ती गावच्या राजकारणात भल्याभल्यांना पाणी पाजायची.

दुसरं, सहीचं. ‘महापौर’ लिहिणाऱ्यांना हसू नका. तुमच्याकडे मे २०२० पासून आणि आमच्या ठाण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. ना महापौर, ना १६ जणांची स्थायी समिती. आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव आणणारे तेच, मंजूर करणारेही तेच. २०२० ला दहावी झालेलं पोर तुमच्या शहरात नगरसेवक न बघता ग्रॅज्युएट झालं. त्याला महापालिका कुठून कळणार, पुस्तकातून?

कोपरखैरणेकर

मान्य, पण अर्धंच. नगरसेवक नव्हते याचा राग यायला तरी नगरसेवक काय करतो ते ठाऊक हवं. साडेपाच वर्षांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा विषय एकदाही निघाला नाही. पार्किंगवर रोज तीनशे मेसेज.

खातेवही

व्यवसायाने सीए आहे, घोडबंदर रोडला ऑफिस. धागाकर्त्या कोपरखैरणेकरांच्या बाजूने आहे. दर मार्चला एक तरी पगारदार येतो, ‘साहेब, इन्क्रिमेंट नको, वरच्या स्लॅबमध्ये जाईन, सगळ्या पगारावर जास्त टॅक्स बसेल.’ अहो, वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो! वीस वर्षं सांगतोय.

आता प्रामाणिकपणे उलट बाजूही सांगतो. नव्या करपद्धतीत २०२५-२६ ला १२ लाखांपर्यंत कर शून्य, कारण करातच ६०,००० ची सूट. उत्पन्न १२,१०,००० झालं की सूट गेली आणि कर होतो ६१,५००. म्हणजे दहा हजार जास्त कमवून साठ हजार भरायचे? त्यासाठी वेगळी सवलत आहे, त्यामुळे प्रत्यक्षात १०,००० च भरावे लागतात (सेस वेगळा). तर माणसाची भीती अगदीच खुळी नव्हती. कायद्यालाच ती पाहून ठिगळ लावावं लागलं.

साडेबारा

धागाकर्ते दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर थांबलो. ‘बिल्डिंगखालची जमीन कुणाची?’ तुमचं उत्तर सिडको. बरोबर. पण सिडकोच्या आधी?

मी इथलाच, आगरी. आमचा आजा तिसरी शिकलेला. १९७० ला सिडको आली, ९५ गावांची जमीन गेली. आजाला अर्थशास्त्र हा शब्द माहीत नव्हता. पण गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत म्हणजे हातात साडेबारा पडत नाहीत, सामाजिक सुविधांचे पावणेचार टक्के वजा होऊन पावणेनऊ उरतात, हे तो ओटीवर बसून खडूने लाद्यांवर मांडून दाखवायचा. आठ लाद्या म्हणजे संपादित जमीन, त्यातली एक आपली, आणि त्या एकीचाही एक कोपरा पुसायचा. मला टक्केवारी शाळेआधी त्या लाद्यांवर कळली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात जमिनीच्या आंदोलनावर पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, ती नावं आमच्याकडे लहान पोरांना पाठ असतात. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील, त्यांचं नाव विमानतळाच्या नावाच्या वादामुळे तुम्ही आत्ता ऐकलं असेल.

सांगायचं काय, सरकार ज्याच्या अंगावरून जातं त्याला ते कळतं. तुमच्या सोसायटीला अजून कळायची गरज पडली नाही, एवढंच.

कोपरखैरणेकर

साडेबारा, लाद्यांचं वाचून गप्प झालो. तरी एक मुद्दा सोडवत नाही. आजोबांना त्यांच्या जमिनीचं कळलं. पण मत फक्त स्वतःच्या जमिनीवर देत नाही आपण. संरक्षणाचं बजेट, कर्ज, दुसऱ्याच्या जिल्ह्यातलं धरण, या सगळ्यावर देतो. जे अंगावरून जात नाही त्याचं काय?

कांदाबटाटा

वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते, म्हणून हे नाव. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. बातमी आली तेव्हा वडील निवृत्त होते, तरी म्हणाले, ‘आता गोणी कमी उचलाव्या लागतील नाहीतर जास्त, पण नाशिकवाला मेला.’ मे २०२४ ला बंदी उठली, ४० टक्के शुल्क राहिलं, ते जाता जाता एप्रिल २०२५ उजाडला. यातली प्रत्येक तारीख त्यांना तोंडपाठ. नाशिकची जमीन त्यांची नव्हती, धागाकर्ते. अंगावरून गोणीच जात होती फक्त.

खातेवही

मी इथे असहमत. तारखा माहीत असणं वेगळं आणि निर्यातबंदीने पुढच्या वर्षी लागवड का घटते हे कळणं वेगळं. अनुभवातून कळलेलं अर्थशास्त्र आपल्या गाळ्यापुरतं असतं.

कांदाबटाटा

मग तुमचं तुमच्या स्लॅबपुरतं. फिट्टंफाट.

तलावपाळी

अवांतर: इतिहासाचं निघालंय म्हणून. ठाण्यात रोज ज्या जेलच्या भिंतीजवळून रिक्षा जाते तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ ला मराठ्यांनी घेतला. क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला तिथेच फाशी दिलं. मला हे चाळिशीत कळलं, जन्म चरईतला असून. परीक्षा घ्याच, मी नापास.

साडेबारा

परीक्षा घ्यायचीच तर पेपर आम्ही काढतो. १. तुमचा सेक्टर कुठल्या गावाच्या शेतावर आहे? २. त्या शेतात काय पिकायचं? ३. गावठाणाची हद्द कुठे संपते? ४. तुमच्या भाडेपट्ट्याची किती वर्षं उरली? ५. मिठागर जवळचं कुठलं होतं?

कोपरखैरणेकर

१ येतो. ४ साठी सोसायटीची फाईल काढावी लागेल, सेक्रेटरी गावाला गेलेत. २ ला ‘भात’ लिहितो, अंदाजे.

पामबीच

वाचनमात्र असतो, आज पहिल्यांदा लिहितोय. नेरुळ, १९९८ पासून. पाचपैकी शून्य.