चौथीचा प्रकल्प : मुलं मिठावर वाट्टेल ते छापून आणतात, कामाचं कसं निवडायला शिकवू?

पेडण्याची बाई

नमस्कार. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. यंदा परिसर अभ्यासात 'आपल्या भागातली मिठागरं' हा प्रकल्प दिला. आगरवाडा हाकेच्या अंतरावर, बऱ्याच मुलांच्या घरचं कुणी ना कुणी मिठागरात राबलेलं. म्हटलं, सोपं जाईल.

तर वह्या आल्या त्या अशा. एका मुलीची चार पानं दांडीयात्रेवर, गांधीजींच्या फोटोसकट. एकाने राजस्थानचं सांभर सरोवर आणलंय. एकाने 'मीठ जास्त खाल्ल्याने रक्तदाब वाढतो'. आणि एका महाभागाने गुलाबी मिठाची जाहिरातच चिकटवलीय, किमतीसकट! बहुतेक सगळं झेरॉक्सच्या दुकानातून आलेलं. तिथे 'चौथी, मीठ' एवढं सांगितलं की पानं हातात पडतात, घरच्यांचीही कटकट मिटते. तसं त्यात खोटं काही नाही हो. पण मानशीचं, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायच्या दाराचं, नाव एकाही वहीत नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला 'हे आपल्या कामाचं, हे राहू दे' एवढं कळावं म्हणून काय करता तुम्ही? 'विश्वासार्ह स्रोत' वगैरे प्रशिक्षणात ऐकून झालंय. वर्गात प्रत्यक्ष केलेलं सांगा.

फोंड्याचे मास्तर (निवृत्त)

बाई, तुम्ही विषय दिलात, प्रश्न दिला नाहीत. 'मीठ' म्हटल्यावर पोर सांभरला गेलं तर त्याचा काय दोष?

मी असं करायचो. पुस्तक, फोन, काही उघडायच्या आधी एक तास नुसते प्रश्न. मुलं विचारतील ते फळ्यावर जसंच्या तसं लिहायचं. पावसात मिठागराचं काय होतं? खारं पाणी आत कोण सोडतं? मीठ काळपट का असतं? शेवटचा प्रश्न हमखास येतो आणि चांगला असतो. मग प्रत्येकाने त्यातले तीन निवडायचे, वहीच्या पहिल्या पानावर १, २, ३ आकडे घालून उतरवायचे.

आता घरून कुठलंही पान आलं की पेन्सिल हातात द्यायची. ज्या ओळीत उत्तर सापडलं तिच्याखाली रेघ, समासात प्रश्नाचा आकडा. आकडा पडला नाही तर ते पान वहीत चिकटवायचं नाही. फाडायचंही नाही, कोपऱ्यात एक खोकं ठेवा, त्यात टाका. गुलाबी मिठाची जाहिरात आपोआप खोक्यात जाते, तुम्हाला रागवावं लागत नाही. हे काम मुलाने स्वतः करायचं, बाईंनी नव्हे. पहिल्या दिवशी सगळी पोरं वाटेल तिथे आकडे घालतात. तेव्हा 'कुठली ओळ, वाचून दाखव' एवढंच म्हणायचं.

दांडीवाल्या मुलीला मात्र एकदम खोक्याकडे पाठवू नका. गोव्यात पोर्तुगीज होते हे खरं, पण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे इथल्या मिठावरही इंग्रजांचं नियंत्रण आलं होतं. 'आपल्या मिठावर इंग्रजांचा हुकूम कसा चालला?' असा प्रश्न तिने घेतला, तर तिची चारातली अर्धी पानं कामाला येतील.

म्हापशाहून आई

पालकांच्या नावाने खडे फोडण्यापूर्वी एक ऐका. माझ्या मुलाने मागे आजोबांना विचारून भाताच्या खाजनावर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतावर, स्वतःच्या अक्षरात दोन पानं लिहिली. शाळेतून शेरा आला, 'चित्रं नाहीत, माहिती अपुरी'. शेजारच्या मुलाच्या रंगीत छापील फाईलला तारा! त्यानंतर मीही दुकान गाठलं, का नाही गाठणार?

म्हणून बाई, 'घरच्या माणसाला विचारलेलं चालेल' हे वहीत लिहूनच पाठवा. कुणाला विचारलं, त्याने काय काम केलं, हेही मुलाने खाली लिहावं. आणि फोनवर शोधायला बसवताना नुसतं 'मीठ' टाकू देऊ नका, दुकानंच दुकानं येतात. 'आगरवाडा मिठागर' असं गावासकट टाकायला सांगा.

वाचनालयात काम करणारा

पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मूळ १८३२ चं, तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. पेडण्याहून दर वेळी जमणार नाही हे कळतं. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, पण त्याची भाषा चौथीला झेपत नाही. तो तुम्ही वाचा. मुलांना 'किशोर' मासिकाचे जुने अंक द्या, तेही नेटवर आहेत.

आमच्याकडे मुलं येतात ती मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलतात. मी आधी अनुक्रमणिका उघडायला लावतो. आपला शब्द तिथे सापडला तर त्या पानावर जायचं, नाहीतर पुस्तक परत. मग छपाईचं साल. गोव्याचे तालुके ११ लिहिलेलं पुस्तक अजून कपाटात आहे. धारबांदोडा वेगळा झाल्यावर ते १२ झाले. दूधसागर धबधब्याच्या उंचीची तर कमालच, कुठे ३१० मीटर, कुठे ६०३. अशी दोन पानं वर्गात शेजारी-शेजारी ठेवून बघा. मुलं भांडतात, मजा येते, आणि मग 'हे कुणी लिहिलंय?' ते स्वतःच विचारतात.

पेडण्याची बाई

मास्तर, खोकं ठेवलं! पहिल्याच दिवशी भरलं. सांभरवाला हटून बसला होता, त्याला रेघ मारायला सांगितली तर बराच वेळ पान चाळून म्हणाला, "बाई, ह्यात पावसाचं काहीच नाही." त्याचा पहिला प्रश्न पावसाचाच होता. मग संध्याकाळी आजोबांकडून लिहून आणलं : भरतीचं पाणी मानशीतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने आटवायचं, पाऊस आला की हंगाम संपला. खाली आजोबांचं कामही लिहिलंय, 'मीठ ओढायचे'.

म्हापशाच्या ताई, तुमचं वाक्य पालकांच्या ग्रुपवर तसंच्या तसं टाकलं. दोघी आयांनी लगेच विचारलं, फोटो चालेल का. चालेल म्हटलं, पण आपल्या मिठागराचाच हवा.

एक अडलंय. तीन मुलांच्या घरी मिठागरातलं कुणीच नाही, बाहेरून आलेली कुटुंबं आहेत. त्यांना दुसऱ्याच्या आजोबांकडे पाठवावं, की मार्चमध्ये सगळ्या वर्गालाच आगरवाड्याला न्यावं? नेलं तर तिथल्या माणसांना कामाच्या वेळी विचारायचे प्रश्न किती ठेवू?