मदत हवी आहे: ट्रॉलर परत बोलावण्याचा नियम कसा ठरवावा?

गोव्यातल्या मालीम जेटीवरच्या ९ मासेमारी ट्रॉलरांचं नियोजन माझ्याकडे आहे. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, पण ऑगस्टात समुद्राचा भरवसा नसतो. हवामान खात्याचा इशारा आणि इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज दोनदा तांडेलांना, म्हणजे बोटींच्या कप्तानांना, पाठवतो. इशारा असला की कोणी निघत नाही, तिथे वाद नाही. अडचण मधल्या दिवसांची: बोटी बाहेर, लाटा दोन मीटरच्या आसपास, इशारा नाही. मालकांचं मत घेतलं, तर डिझेल अंगावर पडेल म्हणून ते ‘समुद्रातच थांबा’ म्हणतात. तांडेलांवर सोडलं, तर एक थांबला की सगळेच थांबतात, आणि ही जास्त धोक्याची गोष्ट. खोल समुद्रात मोबाईल लागत नाही, फक्त व्हीएचएफ रेडिओ. म्हणून नियम निघण्याआधीच ठरायला हवा. लाटांची उंची, वारा की परतीला लागणारे तास, तुम्ही कोणता आकडा धरता? आणि तो ओलांडल्यावर शेवटचा शब्द कोणाचा?