प्रेमकथेतील नायिका नुसती 'गोड' न राहता लक्षात राहावी, यासाठी काय करावे?

छापखान्याची गोष्ट:

नमस्कार. गेले दीड वर्ष मी एक प्रेमकथा लिहीत आहे आणि तिचा पहिला खर्डा हातावेगळा झाला. कथा सांगलीत घडते. नायिका वैदेही वडिलांचा जुना छापखाना सांभाळते, आणि ज्या बँकेचे कर्ज थकले आहे त्या बँकेचा नवा अधिकारी वसुलीसाठी दारात येतो, तिथून दोघांची ओळख सुरू होते. हस्तलिखित मी चार जणांना वाचायला दिले. नायक चौघांनाही आवडला. वैदेहीविषयी मात्र प्रत्येकाच्या तोंडून एकच शब्द आला, 'गोड'. मावशीने त्यापुढे जाऊन जे सांगितले ते मनाला लागले: "अगं, तिला स्वतःला काहीच नको असतं. मग तिला ते मिळतंय की नाही, या काळजीनं मी पुढचं पान कशासाठी उलटू?"

वाचकांना ती आवडावी म्हणूनच मी तिला सोशिक, समजूतदार आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी केली होती. दुसऱ्या खर्ड्यात थोडी फटकळ करून पाहिली, तर ती उद्धट वाटू लागली. नायिकेविषयी आपुलकीही वाटावी आणि कुतूहलही टिकावे, हे नेमके कशाने साधते? आपण वाचक म्हणून कोणत्या नायिकेच्या मागे शेवटपर्यंत गेलात आणि का, हे सविस्तर सांगितलेत तर मला फार मदत होईल.

जुना वाचक:

तुमच्या मावशींनी अचूक दुखणे ओळखले आहे. सोशिकपणा काय किंवा फटकळपणा काय, दोन्ही वरून चढवलेले रंग आहेत. नायिका माणसांविषयी मते कशी बनवते, त्या मतांवर विसंबून काय करते आणि ती चुकीची ठरली तर स्वतःशी किती प्रामाणिक राहते, यावर माझ्यासारख्या वाचकाचा जीव जडतो.

१८१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या एलिझाबेथचेच पाहा. बहीण परक्या घरी आजारी पडली आहे आणि गाडी मिळण्यासारखी नाही, म्हणून ती तीन मैल चिखल तुडवत चालत जाते. तिच्या परकराला सहा इंच चिखल लागला होता, याची त्या घरातल्या बायका मागाहून चेष्टा करतात. तिचे धाडस आणि बहिणीवरची माया या एका कृतीतून कळते आणि तो चिखल वाचकाच्या डोळ्यांपुढून जात नाही.

परंतु ती खरी मोठी होते ती डार्सीचे, म्हणजे ज्याला गर्विष्ठ समजून तिने लग्नाला नकार दिला त्याचे, पत्र वाचताना. आपल्याला माणसांची उत्तम पारख आहे, असा तिला अभिमान असतो. पत्र ती आधी रागाने वाचते, मग पुन्हा एकेक वाक्य तपासत वाचते, आणि तेव्हा तिच्या ध्यानात येते की विकहॅम या तरुण लष्करी अधिकाऱ्याने नुकतीच ओळख झालेली असताना आपल्याजवळ डार्सीविरुद्ध घरगुती तक्रारींचा पाढा वाचावा, हेच मुळात शोभणारे नव्हते आणि ते आपल्याला त्या वेळी खटकलेसुद्धा नाही. एकाने आपल्याकडे दुर्लक्ष केले म्हणून त्याच्यावर राग धरला आणि दुसऱ्याने महत्त्व दिले म्हणून त्याच्यावर विश्वास टाकला, हे ती स्वतःच्या तोंडाने कबूल करते. त्या वाटेवर ती दोन तास एकटीच फिरत राहते. तिची चूक दाखवून द्यायला तिथे दुसरे कोणीही नसते. वैदेहीचा असा कोणता अंदाज चुकतो? पहिल्या खर्ड्यात तो नसेल, तर आधी तो शोधा.

निळी शाई:

वरच्या प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, पण 'आवडणे' आणि 'वेधक वाटणे' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, असे मला वाटते. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली. ती रूढ अर्थाने प्रेमकथा नाही, पण तुमच्या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे, कारण तिच्यात ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघेही आपापली बाजू स्वतः सांगतात. देवयानी गर्विष्ठ आहे, अपमान विसरत नाही आणि सखीलाच दासी करून सोबत नेते. मला ती कधीही आवडली नाही. तरीही ती बोलू लागली की कचावरच्या विफल प्रेमाची जखम तिने कशी उराशी धरली आहे हे दिसते आणि तिचे म्हणणे अर्ध्यावर सोडवत नाही.

उलट शर्मिष्ठा सोशिक आहे, आपल्या माणसांसाठी दासीपण पत्करते, आणि तरी ती नुसती 'गोड' राहत नाही. त्या त्यागाची किंमत ती रोज मोजते. राजकन्या असून ज्या सखीशी बरोबरीने भांडली तिच्याच आज्ञा झेलते. म्हणून वैदेहीचा सोशिकपणा काढून टाकण्याची घाई करू नका. तो तिला काय भावाने पडतो आणि कोणत्या क्षणी ती मनातल्या मनात त्याला कंटाळते, ते लिहा. तुमची कथा तृतीयपुरुषी असेल तर एखादे प्रकरण तिच्या तोंडून लिहून पाहा. ते पुस्तकात ठेवले नाही तरी चालेल.

समासातली टीप:

मी मुद्रितशोधनाचे काम करते, त्यामुळे अशी हस्तलिखिते बरीच पाहते. वारंवार आढळणारा दोष असा की पहिल्या प्रकरणात चार जणांना सुनावणारी तडफदार नायिका पुढच्या प्रत्येक संकटात नायकाची वाट पाहत बसते. नायक ज्या पानांवर नाही तेवढीच पाने सलग वाचून पाहा. तेवढ्यात तिची काही गोष्ट उरते का?

१८४७ च्या 'जेन एअर'मध्ये ती उरते. ज्याच्याशी लग्न ठरले आहे त्या रॉचेस्टरची पहिली पत्नी जिवंत आहे हे कळल्यावर जेन त्याच्यावर प्रेम असतानाही त्याला 'नाही' म्हणून त्याचे घर सोडते. आपले गाठोडे गाडीतच विसरते, भाकरीच्या तुकड्यासाठी हातमोजे देऊ करते, आणि एक मुलगी डुकरापुढे ओतायला निघालेली थंडगार लापशी मागून खाते. ती रूपाने साधी आहे, लहानखुरी आहे. पण ती लापशी खाताना तिला पाहिल्यावर तिच्या 'नाही' या शब्दाचे वजन कळते.

छापखान्याची गोष्ट:

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. नायक नसलेली पाने काल रात्री वेगळी काढली. तीनशे दहापैकी जेमतेम बावीस निघाली, आणि त्यातही बहुतेक ठिकाणी वैदेही कोणासाठी तरी चहा ठेवत आहे.

माझ्या कथेत छापखाना गहाण टाकून दुसरे कर्ज काढण्याची चूक तिच्या भावाच्या माथी मारली आहे आणि ती निमूटपणे निस्तरते. आता ते कर्ज तिने स्वतः काढले असे करणार आहे. जुन्या यंत्रावरचा जीव सुटेना म्हणून नवे यंत्र न घेता तिने जुन्याच्याच दुरुस्तीत पैसा घातला, वडिलांपासून ते लपवले, आणि बँकेचा माणूस पहिल्याच भेटीत हिशेब पाहून ते बोलून दाखवतो. त्याच्यावर ती चिडते, कारण तो खरे बोलला आहे. तो गेल्यावर ती छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांचे खण उघडून बसते आणि चुकीच्या घरात पडलेले खिळे एकेक करून जागेवर लावते. वडिलांना ती तिथेच सांगते, की आणखी काही दिवस लपवते, एवढे मात्र अजून ठरत नाही. आपल्याला काय वाटते?