अनुभव धागा: तापलेल्या जुन्या गाडीचे इंजिन बांधावे की गाडी विकावी?

गेल्या आठवड्यात करूळ घाट चढताना आमच्या 2009 सालच्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला आणि गगनबावडा दोन वळणांवर असताना बोनेटमधून वाफ येऊ लागली. उद्यमनगरातील मिस्त्रींच्या मते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील, गेले आहे. हेडपुरते काम निघाले तर 14,000 रुपये, बोअरपर्यंत (पिस्टन ज्यात फिरतो त्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीपर्यंत) गेले तर 50,000 च्या पुढे, असा त्यांचा अंदाज आहे. गाडीला गिऱ्हाईक 70,000 च्या वर जात नाही. ज्यांच्यावर अशी वेळ आली, त्यांनी काटा चढल्यावर गाडी किती चालवली आणि हेड काढल्यावर काय दिसले, हे अवश्य लिहावे. नुसते 'विकून टाका' नको. तो सल्ला घरात रोज मिळतो.

राजारामपुरी, 2007 ची पेट्रोल गाडी

आंबा घाटात रेडिएटरचा होज फुटला. मी लगेच इंजिन बंद केले आणि तासभर झाकणाला हात लावला नाही, कारण झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, मात्र झाकण सैल होताच ते तोंडावर उसळते. गाडी टो करून आणली. मिस्त्रींनी हेड टेबलावर उलटे ठेवले, त्यावर पोलादी पट्टी तिरपी धरली आणि खालून फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या साधनाची) 0.05 मिलिमीटरची पाती सरकवली. कडेला ती अडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये मात्र सहज आत गेली. ॲल्युमिनियमचे हेड इतके वाकले तरी नवे गॅस्केट टिकत नाही, म्हणून लेथवाल्यांकडून फेसिंग करून, म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करून घेतले आणि तडा नाही याची दाबाखाली तपासणी करवली. एकूण 13,500 रुपये गेले. त्यानंतर चार उन्हाळे गाडी विनातक्रार चालली आहे. बोअर स्वच्छ होते, हेच माझे नशीब.

कसबा बावडा, डिझेल

घर जवळ आले आहे, या भरवशावर मी तापलेली गाडी आणखी 18 किलोमीटर रेटली. ऑइलची कांडी काढली तर तिच्यावर दुधाच्या चहासारखा फेस होता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळले होते. बोअरवरचे ओरखडे नखाला लागत होते. भंगारात दिली.

शाहूपुरी, 2010 ची पेट्रोल गाडी

मी दुरुस्ती केली, पण चुकीच्या क्रमाने. पहिल्यांदा गॅस्केट बदलले आणि 'गाडी थंड राहील' म्हणून एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. आठ महिन्यांत गॅस्केट पुन्हा गेले. दुसऱ्या वेळी रेडिएटर कापून पाहिला, तेव्हा निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या निघाल्या. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) बोअरवेलचे पाणी भरल्याचा तो परिणाम होता. म्हणून गाडी कशाने तापली हे सांगता येत नसेल, तर इंजिनवर एक रुपयाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विम्याची आशा धरू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरला जात नाही.

उजळाईवाडी

मी 28,000 रुपयांत जुने इंजिन बसवले. इंजिन चांगले निघाले, पण आरसी बुकात नवा इंजिन क्रमांक नोंदवण्यासाठी खरेदीची पावती हवी असते आणि ती माझ्याकडे नव्हती, त्यामुळे आरटीओच्या खेपा घालाव्या लागल्या. आपल्या गाडीची पहिली 15 वर्षांची नोंदणी 2024 मध्येच संपली असणार. फेरनोंदणी पाच वर्षांची असते. त्यांतली जितकी उरली असतील, तितक्यांवर दुरुस्तीचा खर्च वाटून पाहावा. गाडीच्या बाजारभावाशी तुलना करून मला तरी काही उलगडले नव्हते.

मूळ लेखकाकडून

सर्वांचे आभार. काल माझ्यासमोर हेड उतरवले. मी काटा चढल्यावर दीड-दोन किलोमीटरच चाललो होतो. बोअरवर नख फिरवून पाहिले, कुठे अडले नाही. पट्टीखाली मात्र पाती गेली. रेडिएटरचा पंखा थेट बॅटरीवर जोडल्यावर फिरला, गाडीत फिरत नव्हता. रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा स्विच, जळलेला निघाला. फेरनोंदणीची साडेतीन वर्षे शिल्लक आहेत. हेड आज फेसिंगला गेले असून, नवा रिले मी स्वतः आणून दिला आहे.